ताणावरचा मोगरा

थंडी पडली की माझा हात नळाकडं जाईनासा होतो. दिवाळी सरते, मार्गशीर्षातले गुरुवार लागतात, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या धडाधडा जायला लागतात आणि संध्याकाळी कुठनंतरी गुऱ्हाळाचा गोडूस धूर नाकाशी येतो. मग मला कॅलेंडर बघायला लागत नाही. मोगऱ्याचं पाणी तोडायचे दिवस आले. यंदाही आले. फक्त अंगणात मोगरा नाही. तिथं आता पेव्हिंग ब्लॉक आहेत, लाल आणि राखाडी, आणि त्यांच्यावर माझ्या मुलाची, संजूची, पांढरी गाडी उभी असते. दोन वर्षं झाली, मी संजूशी बोललेलो नाही. एका घरात राहतो, एकाच चुलीवरचं खातो. 'व्हय' आणि 'न्हाय' एवढे दोनच शब्द त्याच्यासाठी ठेवलेत.

मी चौथी शिकलेला माणूस. माझं शुद्धलेखन कुणी काढू नये. तोंडानं हे कुणाला सांगायचं नाही असं मी ठरवलंय, आणि ठरवलं की ठरवलं. म्हणून लिहितोय.

माझा जन्म फौंड्रीत गेला. मी मोल्डर. वाळूचा साचा करायचा, त्यात लोखंडाचा रस ओतायचा. साच्याची वाळू किती ओली आहे हे मुठीला कळतं. दाबायची, मूठ उघडायची. गोळा टिकला पाहिजे, आणि मोडला तर धार धरून मोडला पाहिजे. पाणी जास्त झालं की ओतलेला माल आतनं फुगतो, भोकं पडतात. वरनं चांगला दिसतो आणि मशिनवर चढला की सगळ्यांसमोर तुमचं नाक कापतो. पाणी कमी पडलेलं एक वेळ सावरता येतं, जास्त झालेलं नाही. फौंड्रीतनं मी बाकी काही घरी आणलं नसेल, एवढं आणलं.

कळंब्याच्या बाजूला घर बांधलं तेव्हा पुढची जागा म्हणजे नुसता मुरूम होता. उन्हाळ्यात तलाव मागं हटला की तिथला गाळ पोत्यात भरून सायकलीवरनं आणायचो. गोठ्यातलं शेणखत आणायचो, उसाचं कुजलेलं पाचट आणायचो. आधी माती केली. झाडं मागनं. आता माणसं आधी झाड विकत घेतात आणि मग ते कुठं ठेवू म्हणून कडेवर पोर घेतल्यासारखी घरभर फिरतात. मी अंगणात चुन्याच्या फक्कीनं रेघा मारल्या होत्या. कुंपणाला झेंडू, म्हणजे दसऱ्याचं तोरण घरचं. त्याच्या आत शेवंती. कोपऱ्यात जास्वंद, कारण पहाटे फिरायला म्हणून निघून दुसऱ्याच्या फुलांनी आपला देव पुजणारी माणसं आमच्याकडंही आहेत, त्यांचा हात पोचू नये. न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर अबोली. ती आमच्या मंडळींसाठी. तिला मोगरा आवडायचा नाही, वासानं डोकं उठतं म्हणायची. ती गेली तरी अबोली राहिली. त्याचं कुणी कौतुक करू नये. अबोली मरतच नाही लवकर.

आणि मधोमध, दारातनं समोर दिसेल अशी, मोगऱ्याची रांग. ती माझी.

फुलझाडं राखणं म्हणजे वर्षभर काहीतरी तोडत राहणं. हे लोकांना पटत नाही. आषाढात शेवंतीचे शेंडे खुडायला बसलो की येणारा-जाणारा हळहळायचा. 'अवो, एवढं चांगलं वाढलंय आन् तोडता काय?' तोडलं नाही तर ते एकच टिपरू सरळ वर जातं आणि त्याच्या टोकाला एक फूल येतं. तोडलं की बगला फुटतात आणि कार्तिकात झाड फुलांच्या वजनानं आडवं होतं. दसरा झाला की गुलाबावर कात्री. झेंडूची पहिली फुलं काढून टाकायची. पण ही सगळी हाताची कामं. मोगऱ्याला मन घट्ट लागतं. मार्गशीर्ष लागला की त्याचं पाणी बंद. थेंब नाही. पानं पिवळी होतात, गळतात, फांद्या करड्या पडतात. बघणाऱ्याला वाटतं झाड गेलं. ह्याला ताण देणं म्हणतात. संक्रांत झाली की सुकलेले शेंडे मोडायचे, बुडाला शेणखत भरायचं आणि एक दिवस पोटभर पाणी सोडायचं. मग चैत्रात ते झाड वेडं होतं. पान दिसत नाही. ज्याचं पाणी तोडलं नाही तो मोगरा नुसता पाल्यानं माजतो.

मला हे कुणी शिकवलं नाही. एका हिवाळ्यात गल्लीतली पाण्याची लाईन फुटली. प्यायला पाणी लांबनं आणायला लागायचं, तिथं झाडांना कोण विचारतो? मोगरा वाळला. मी त्याचा नाद सोडला. चैत्रात त्यानं माझं तोंड बंद केलं. तेव्हापासनं दर हिवाळ्याला मी तेच केलं. आणि चैत्रातल्या संध्याकाळी हळदीकुंकवाला निघालेल्या बायका माझ्या फाटकाशी थांबायला लागल्या. ज्या येतील त्यांना ओंजळ. गल्लीत पत्ता सांगायचा तर म्हणायचे, 'मोगऱ्याच्या घरापास्नं डावीकडं वळा, पावणं.' आता म्हणतात, 'ती पांढरी गाडी हाय न्हवं, तिथनं.'

त्या हिवाळ्याचं सांगतो. मोगरा ताणावर होता आणि माझ्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाला, वाकायचं नाही, धुरळ्यात जायचं नाही. माझी लेक मंगल मुरगूडला दिलेली आहे. ती हटून बसली. 'आण्णा, तुमी घरात गेलासा की खुरपंच हातात घेणार. संक्रांत हुईस्तोवर माझ्या घरातनं हलायचं न्हाई.' गेलो. डोळ्यावर हिरवं फडकं, कानात तिच्या म्हशींच्या गळ्यातल्या घंटा. उन्हात बाजेवर पडून मनातल्या मनात मोगऱ्याची छाटणी करायचो. ही फांदी ठेवायची, ही काढायची. कडेच्या झाडाचा एक फाटा गाडीवाटेवर येतो, त्याला आत वळवायचा. मंगल म्हणायची, 'आण्णा, हात का हलवालाय?'

संक्रांतीनंतर संजू न्यायला आला. नवी गाडी. आत रबराचा वास. गल्लीत शिरल्यावर बघतो तर सुवर्णा, माझी सून, दारात भाकरीचा तुकडा घेऊन उभी, ओवाळून टाकायला. मी उतरलो. नव्या डोळ्यानं काय दिसतं हो! ब्लॉकांच्या फटीतली वाळूसुद्धा मला दिसली. कुठला ब्लॉक वर राहिलाय, कुठला दबलाय, सगळं दिसलं. एवढी वर्षं धुक्यात काढल्यावर त्या डोळ्यानं पहिल्यांदा नीट बघितलं ते हे.

'कसं वाटलं, आण्णा?' संजूचं तोंड फुललेलं. 'मुद्दाम सांगितलं न्हाई. आता वाकायचं न्हाई, खुरपायचं न्हाई. खुर्ची टाकून निवांत बसायचं.'

'झाडं?'

'वाळल्याली हुती की सगळी. लोक इचारायला लागलेती, आण्णांस्नी बरं न्हाई व्हय, झाडं गेली म्हणून. मलाच लाज वाटायला लागली.'

'शेवंती? अबोली?'

'आता तेवढ्यासाठी निम्मं अंगण ठेवायचं व्हय? गाडी वळंना.'

सुवर्णानं माझ्यावरनं तुकडा ओवाळला आणि डोळ्याला पाणी लावलं. मी आत गेलो. त्या दिवशी ती काय काय बोलली, संजू काय काय बोलला, मला ऐकू येत होतं. उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

शेजारी बापू राहतो. एसटीत ड्रायव्हर होता, जन्मभर घाट उतरला, त्यामुळं हळू बोलायची सवय नाही. त्याच्या दारात अजून तांब्याचा बंब पेटतो. दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं, 'बापू, माझी खोडं कुणी न्हेली?'

'मीच की! संजू टाकून द्यायला निगालावता. म्हटलं बंबाला हुतील.' आणि हसला. 'पर तुजा मोगरा तुज्यासारखाच, गड्या. पेटंचना लेकाचा. धुरानं आमचं डोळं गेलं. आतनं वलाच निगाला सगळा.'

बोलून गेला आणि त्याचा जबडा थांबला. तोंडातली तंबाखू तशीच. वाळलेलं लाकूड एवढा धूर करत नाही, हे ड्रायव्हरलाही कळतं.

'जित्ता हुता व्हय रं?'

मी घराकडं वळलो. पण बापू त्या दिवसापासनं बंब पेटवताना माझ्या दाराकडं पाठ करून बसतो. तेवढी लाज त्याला आहे. ज्याला असायला पाहिजे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि मी सांगणार नाही.

लोक म्हणतील, म्हाताऱ्या, आधी सांगायचं होतंस की झाड वाळलेलं नाही, ताणावर आहे म्हणून. का सांगायचं? संजू त्या घरातच वाढला. त्याच दारातनं शाळेला गेला, त्याच दारातनं नोकरीला. प्रत्येक हिवाळ्यात त्याच्या डोळ्यांदेखत तो मोगरा उघडा पडायचा आणि प्रत्येक चैत्रात त्याची आई फुलं वाटून वैतागायची. एकदा तरी त्यानं विचारायचं होतं, हे मेलेलं झाड दर वर्षी उठतं कसं? विचारलं असतं तर सांगितलं असतं. न विचारणाऱ्याला सांगत फिरायला मी काय उद्या पाणी येणार नाही म्हणून भोंग्यावर ओरडणारा रिक्षावाला आहे?

मी पोरालाही पाणी जपूनच घातलं, हे खरं. पास झाला तर 'बरं' म्हणायचो. पहिला पगार हातात आणून दिला तेव्हा 'आईला दे' म्हटलं. शेजारच्या पोरांना बाप खांद्यावर घेऊन रंकाळ्यावर भेळ खायला न्यायचे, मी नाही नेलं. त्यात मला आजही काही चुकलं असं वाटत नाही. बहर आलाच की. शिकला, नोकरी लागली, गाडी आली. तीच गाडी मोगऱ्यावर उभी राहिली.

त्यानंतर मी घराचंच पाणी तोडलं. सुवर्णाशी कामापुरतं बोलायचो, तेही कमी झालं. ती कबनूरची. तिच्या माहेरी ओटीवर कापडाचा माग, माडीवर माग. अंगण असं नव्हतंच. जन्मात तिनं कधी झाड लावलेलं नव्हतं. त्याच उन्हाळ्याच्या तोंडाला ती नर्सरीतनं मोगऱ्याची एक कुंडी घेऊन आली. पायरीजवळ ठेवली. त्यावर चार फुलं होती.

'मामा, तुमच्यासाठी आणलाय.' आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते.

मी पेपर वाचत होतो. तसाच वाचत राहिलो. चार फुलं गळून गेली.

तेव्हापासनं ती त्या कुंडीला सकाळ-संध्याकाळ पाणी घालायची. पाऊस पडत असला तरी छत्री घेऊन घालते की काय असं वाटायचं. चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, तांदळाचं धुवण, मोबाईलवर कोण काय सांगेल ते सगळं त्या कुंडीत. झाड हे एवढं झालं. पानं बघावीत तर विड्याच्या पानागत. पुढच्या चैत्रात फूल नाही. एक नाही. बापूनं फाटकातनं बघितलं आणि म्हणाला, 'सूनबाई, नर आणलासा जणू! बदलून घ्या.' ती हसली नाही. पानं उलटीपालटी करून कळ्या शोधत राहिली. मग माझ्याकडं बघितलं.

'मामा, ह्याला फूल का येईना?'

मला एका शब्दात सांगता आलं असतं. मी चष्मा पुसला. नव्या डोळ्याला चष्मा फक्त वाचायला लागतो, पण पुसला. ती आत गेली.

रागावर माणूस जगतो, हे मला म्हातारपणी कळलं. सकाळी उठलो की त्या खुर्चीवर बसायचं. ज्या खुर्चीवर त्यानं बसायला सांगितलं होतं तिथंच. समोर गाडी. टायरखाली कुठलं झाड होतं ते मला ब्लॉकाब्लॉकानं सांगता येतं. पुढच्या डाव्या चाकाखाली ते गाडीवाटेवर झुकणारं. मागच्या चाकांमध्ये शेवंती. न्हाणीच्या वाटेवर मात्र एका फटीतनं अबोली वर आली होती. संजूनं तिच्यावर काहीतरी औषध मारलं. नवीन जागा घाण दिसायला लागली म्हणाला.

तर यंदाचा मार्गशीर्ष. कबनूरला सुवर्णाच्या भावाचं लग्न निघालं. ती निघताना पिशवी खांद्याला लावून माझ्यासमोर उभी राहिली. 'मामा, जेवणाचं सांगून ठेवलंय. तेवढं कुंडीला पाणी घाला. दुसरं काही म्हणणं न्हाई माझं.' लग्न झालं आणि तिची आई पडली, गुडघा मोडला. सुवर्णा तिकडंच अडकली. संजू सकाळी जायचा, अंधारून आल्यावर यायचा. त्याला गाडी दिसते, कुंडी दिसत नाही.

घर रिकामं. मी, खुर्ची आणि तो माजलेला मोगरा.

पहिल्या दिवशी मी तांब्या भरला. कुंडीपर्यंत नेला. बाहेर उसाची ट्रॉली जात होती, पाचटाचा वास आला. तांब्या तसाच परत आणून मी पाणी पिऊन टाकलं.

दोन वर्षांत मी त्या झाडाला बोट लावलेलं नव्हतं. आता रोज सकाळी बोट मातीत खुपसून बघायला लागलो. चिमूटभर माती मुठीत दाबायचो. फौंड्रीतली मूठ अजून शाबूत आहे. पानं पिवळी पडली, मी एकेक वेचून घेतली. थंडीचा वारा सुटला की कुंडी भिंतीच्या आडोशाला सरकवायचो, ऊन आलं की परत बाहेर. वाकायचो. डॉक्टरला काय कळतंय! फांद्या करड्या झाल्या. नखानं साल खरवडून बघितली, आत हिरवं होतं. त्या दिवशी मला भाकरी गोड लागली. म्हटलं, आता येऊ दे तिला. चैत्रात दाराशी बसेल आणि तोंडात बोट घालेल. मग विचारेल, मामा, काय केलासा? मग सांगू. विचारल्यावर सांगायला माझी ना नव्हतीच कधी.

संक्रांत होऊन गेल्यावर ती आली. संजूनंच आणलं गाडीतनं. दार उघडून पाय खाली टाकला आणि तिला कुंडी दिसली.

पिशवी हातातनं तशीच खाली सोडली तिनं. कुंडीजवळ बसली. एक फांदी हातात घेतली तर टोक कटकन मोडलं.

'मामा,' ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. 'एक तांब्या ओतायला जीव झाला न्हाई तुमचा? राग माझ्यावर हाय न्हवं? मग मला बोलायचं. शिव्या द्यायच्या. ह्या मुक्या झाडावर काढायचा?'

मी खुर्चीत होतो. शब्द तोंडात आलेला. अगं, जित्तं हाय ते. खरवडून बघ. एवढंच म्हणायचं होतं.

'दोन वर्सं मी वाट बघालीया, तुमी कवातरी एक शब्द बोलशीला म्हणून. ते वाळल्यालं बघवंना म्हणून मीच यांना म्हटलेलं, काढून टाका, मामांस्नी बघून वाईट वाटंल. चूक माझी हुती. पर हे काय केलासा?'

हे मला ठाऊक नव्हतं. मी संजूकडं बघितलं. तो गाडीच्या दाराला धरून उभा होता. दोन वर्षं माझा अबोला सोसला, पण बायकोचं नाव कधी पुढं केलं नाही त्यानं. तो माझ्याकडंच बघत होता. तो तिथं नसता तर मी बोललो असतो. त्याच्यासमोर, मी आधी? तोंडातला शब्द मी गिळला.

'चल आत,' तो तिला म्हणाला. 'त्यांना सांगून उपेग न्हाई.'

ती उठली नाही. कडाकडा सुकलेले शेंडे मोडायला लागली. रडत होती आणि मोडत होती. मी बघत होतो. फूट येते ते खालचे दोन डोळे राखून वर मोडत होती, न कळता. एक आडवी फांदी राहिली, ती पण मोडली तिनं. मी असतो तर तीच मोडली असती. मग उठून परसात पडून असलेल्या माझ्या जुन्या शेणखताचं घमेलं आणलं, बुडाला ओंजळीनं भरलं, आणि बादली भरून आणून ओतली. सगळी बादली, एका दमात.

दिवस तोच होता. मी जरी पाणी सोडायचं ठरवलं असतं तरी ह्याच आठवड्यात सोडलं असतं.

चैत्रात तो मोगरा असा फुलणार आहे की पान दिसणार नाही. गल्ली म्हणेल, म्हाताऱ्यानं मारून ठेवला होता, सुवर्णानं जगवला. हळदीकुंकवाला बायका परत फाटकाशी थांबतील आणि ती ओंजळी भरभरून देईल. तिलाही वाटेल, आपणच जगवला. आणि पुढच्या हिवाळ्यात ती त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी घालेल.

कुंडीच्या बुडातनं तांबूस पाणी बाहेर आलं. ब्लॉकांच्या फटींतनं वाट काढत, जिथं माझी रांग होती तिथनं, खुर्चीपर्यंत आलं. मी पाय वर घेतले.